‘जसंच्या तसं पुन्हा वापरलं’ म्हणजे नक्की काय? एका वाक्याची चिकित्सा



रिसर्च प्रपोजल लिहायला बसलं की प्रस्तावनेत एक वाक्य हमखास येतं : ‘अमुक तंत्रज्ञान आता सिद्ध झाले आहे.’ पुढे कंसात संदर्भ, पूर्णविराम, विषय संपला. आज अशाच एका वाक्याची चिकित्सा करायची आहे. विषय अंतराळयानांचा असला तरी माणसं बसवण्याआधी जुनं यान पुन्हा तयार करणं म्हणजे काय, हे समजून घेताना पुरावा कसा वाचायचा तेही शिकता येतं. तुमचा विषय केमिस्ट्री असो वा बॉटनी, हे उपयोगी पडेल.

वाक्य कोणतं?

२३ जून २०२४ ला इस्रोने ‘पुष्पक’ या पंखधारी यानाची तिसरी लँडिंग चाचणी केली. ठिकाण कर्नाटकातलं चित्रदुर्ग, चल्लकेरेजवळची धावपट्टी. हवाई दलाच्या चिनूक हेलिकॉप्टरने यान साडेचार किलोमीटर उंचीवर नेऊन सोडलं. मुद्दामच ते धावपट्टीच्या सरळ रेषेपासून ५०० मीटर बाजूला सोडलं होतं. यानाने स्वतःच दिशा दुरुस्त केली आणि ताशी ३२० किलोमीटरहून जास्त वेगाने ते उतरलं. प्रवासी विमान साधारण २६० ने उतरतं, त्यावरून अंदाज घ्या. मग ब्रेक पॅराशूटने वेग १०० च्या आसपास आणला आणि यान सरळ रेषेत थांबलं. काम सुंदरच होतं, त्यात शंका नाही.

त्या दिवशीच्या निवेदनात एक वाक्य होतं. त्याचा आशय असा : मार्चमधल्या दुसऱ्या चाचणीतलं पंखधारी यान आणि त्यातल्या उड्डाणप्रणाली कोणताही बदल न करता, जशाच्या तशा पुन्हा वापरल्या, यातून अनेक मोहिमांसाठी पुन्हा वापरता येतील अशा प्रणाली घडवण्याची क्षमता दिसून आली.

वाक्य खोटं नाही, हे आधीच स्पष्ट करते. २२ मार्च आणि २३ जून या दोन्ही दिवशी तेच यान उतरलं. पण वाक्याचे दोन भाग आहेत. पहिला भाग घटना सांगतो, दुसरा निष्कर्ष. आपल्याला तपासायचा आहे तो या दोन भागांमधला पूल. संशोधनात बहुतेक वेळा घसरायला होतं ते याच पुलावर.

यानाने काय सोसलं होतं?

पुन्हा वापरलेल्या कोणत्याही गोष्टीबद्दल पहिला प्रश्न हाच : ही वस्तू कशातून जाऊन आली?

मार्चमध्ये पुष्पक हवेतून घसरत आलं, चाकं जोरात आपटली, पॅराशूटचा हिसका बसला. म्हणजे लँडिंगचा भार त्याने सोसला. कक्षेतून परतणारं यान मात्र आवाजाच्या सुमारे २५ पट वेगाने वातावरणात शिरतं आणि त्याचा कस लागतो तो उष्णतेत. हेलिकॉप्टरमधून सोडलेल्या यानाला ती उष्णता भेटतच नाही.

मग इस्रोने उष्णतेची चाचणी केलीच नाही का? केली आहे. २३ मे २०१६ ला आरएलव्ही-टीडीचं पहिलं उड्डाण झालं. ते यान सुमारे ६५ किलोमीटर उंचीवर गेलं, आवाजाच्या पाचपट वेगाने परत फिरलं आणि श्रीहरिकोट्यापासून सुमारे ४५० किलोमीटरवर बंगालच्या उपसागरात उतरलं. ते परत मिळवायचं असं योजनेतच नव्हतं.

आता दोन्ही शेजारी ठेवा. एका यानाने उष्णता झेलली, पण ते हाती आलं नाही. दुसरं हाती आलं आणि पुन्हा उडालं, पण त्याने ती उष्णता पाहिलेलीच नाही. पुनर्वापराच्या पुराव्याचे दोन्ही अर्धे भाग आपल्याकडे आहेत, फक्त ते एकाच यानात अजून एकत्र आलेले नाहीत. इस्रोला हे ठाऊक आहेच, म्हणून तर पुढचा टप्पा कक्षेतून परतणाऱ्या यानाचा आखला आहे. घोळ होतो तो वाचणाऱ्याकडून. ‘उड्डाणप्रणाली पुन्हा वापरल्या’ याचं बातमीत ‘भारताकडे पुनर्वापरयोग्य अंतराळयान आलं’ असं होतं, आणि तिथून ते कुणाच्या तरी सिनॉप्सिसमध्ये जाऊन बसतं.

दोनदा जमलं म्हणजे किती जमलं?

थोडं गणित करू. घाबरू नका, बारावीचं आहे.

समजा एखादी गोष्ट n वेळा केली आणि एकदाही फसली नाही. मग ती फसण्याची खरी शक्यता जास्तीत जास्त किती असू शकते? ९५ टक्के खात्रीने बोलायचं तर n मोठा असताना एक सोपा ठोकताळा आहे : ३ भागिले n. शंभर वेळा न चुकता जमलं, तरी ती शक्यता ३ टक्क्यांपर्यंत असू शकते.

n छोटा असेल तर नेमकं सूत्र लावावं लागतं. दोनपैकी दोन यशस्वी असतील, तर फसण्याची शक्यता सुमारे ७८ टक्क्यांपर्यंत असूनही असा निकाल निव्वळ योगायोगाने लागू शकतो. म्हणजे दोन यशांतून नुसत्या आकड्याच्या बळावर जवळजवळ काहीच सिद्ध होत नाही.

आता दुसरं टोक पाहा. नासाने खासगी कंपन्यांच्या मानवी यानांसाठी जी अट घातली, ती साधारण अशी : अंतराळ स्थानकाच्या मोहिमेत अंतराळवीर गमावण्याचा धोका २७० मध्ये १ पेक्षा जास्त नको. हे फक्त उड्डाणं मोजून सिद्ध करायचं झालं, तर सुमारे ८१० उड्डाणं लागतील, तीही एकही अपघात न होता. स्पेस शटलची १९८१ ते २०११ या ३० वर्षांत मिळून १३५ उड्डाणं झाली. त्यांपैकी दोन यानं नष्ट झाली आणि १४ माणसं गेली.

थोडक्यात, ‘किती वेळा उडालं’ या आकड्यावर मानवी उड्डाणाची सुरक्षितता उभी राहू शकत नाही, कारण तेवढे आकडे कधी जमतच नाहीत. मग ती कशावर उभी राहते? दोन उड्डाणांच्या मधल्या काळावर. काय उघडून पाहिलं, काय मोजलं, काय बदललं, आणि काय पाहताच आलं नाही. नेमकं हेच ‘जसंच्या तसं’ या शब्दांत गडप होतं. तीन महिने यान हँगरमध्ये होतं, तेव्हा त्याच्याशी काय केलं गेलं हे त्या वाक्यात नाही. ‘बदल केला नाही’ आणि ‘तपासणी केली नाही’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आणि ‘बदल करावा लागला नाही’ ही तिसरीच, सगळ्यात मौल्यवान गोष्ट. ती म्हणायला मात्र तपासणीचा तपशील लागतो.

आगारातली गाडी

इथे कुणी म्हणेल, मग आपण रोज काय करतो? विठ्ठलवाडीहून सकाळी लोकल पकडताना डबा नवा आहे का, असं कोण विचारतं? स्टेशनाजवळच्या एसटी आगारातून निघणारी प्रत्येक गाडी काल धावलेलीच असते.

बरोबर. पण त्यावरचा आपला विश्वास कशातून आलाय ते नीट पाहा. ‘काल पोचली, म्हणून आज पोचेल’ एवढ्यावर तो नसतो. लोकल ठरलेल्या काळाने कारशेडला जाते. ब्रेक, चाकं, पँटोग्राफ तपासले जातात. चालकाने सांगितलेली तक्रार वर्कशॉपपर्यंत पोचते. शिवाय त्याच जातीच्या शेकडो गाड्या वर्षानुवर्षं धावल्या आहेत, रस्त्यात बंद पडल्या आहेत, उघडून दुरुस्त झाल्या आहेत. कोणता भाग किती दिवसांत झिजतो, हे त्या बिघाडांनीच शिकवलं आहे. अंतराळयानाकडे ही शेकडोंची फौज नसते. म्हणून लोकलची उपमा यानाला देताना ‘रोजचं झालं’ एवढाच भाग उचलायचा आणि कारशेड सोडून द्यायची, हे चालणार नाही.

सराव आणि गाफीलपणा

रोजचं झालं असं वाटू लागलं की काय होतं, याचं उदाहरण आपल्या सगळ्यांच्या मनात आहे. कल्पना चावला दोनदा अंतराळात गेल्या, १९९७ मध्ये आणि २००३ मध्ये, आणि दोन्ही वेळा कोलंबिया या एकाच यानातून. २००३ चं ते कोलंबियाचं २८ वं उड्डाण होतं.

१६ जानेवारी २००३ ला उड्डाणानंतर सुमारे ८२ सेकंदांनी बाहेरच्या इंधनटाकीवरचा फोमचा तुकडा निघून डाव्या पंखाच्या कडेवर आदळला. फोम निघणं नवीन नव्हतं. आधीच्या कितीतरी उड्डाणांत तो निघाला होता आणि यान सुखरूप परतलं होतं. प्रत्येक परतीबरोबर ‘हे चालतं’ ही समजूत पक्की होत गेली. समाजशास्त्रज्ञ डायन वॉन यांनी चॅलेंजरच्या अपघाताचा अभ्यास करताना अशाच घसरणीचं वर्णन केलं होतं : नियमाबाहेरची गोष्ट पुनःपुन्हा घडून निभावली, की तीच नियम होऊन बसते.

१ फेब्रुवारीला परतताना पंखाच्या भोकातून तापलेले वायू आत शिरले. सातही जण गेले.

तुमच्या-माझ्यासाठी यात एक बारीक पण भयंकर धडा आहे. यान कक्षेत असताना इंजिनिअरांनी धक्क्याचं विश्लेषण करून त्याच्या स्लाइड्स बनवल्या. त्यातली एक स्लाइड पुढे चौकशी मंडळाच्या अहवालात एडवर्ड टफ्टी यांच्या टिप्पणीसह छापली गेली. स्लाइडचं शीर्षक धीर देणारं होतं : चाचण्यांच्या आकड्यांवरून आपला अंदाज सावध बाजूचाच दिसतो, अशा अर्थाचं. आणि अगदी तळाला, बारीक अक्षरांत एक ओळ होती : प्रत्यक्षातला तुकडा अंदाजे १,९२० घन इंच, चाचणीतला ३ घन इंच.

भागाकार करा. ६४० पट. ज्या आकड्यांच्या जोरावर शीर्षक धीर देत होतं, ते आकडे या घटनेला लागूच होत नव्हते. आणि ते त्याच स्लाइडवर लिहिलेलं होतं! माहिती लपवली नव्हती, चुकीच्या जागी ठेवली होती. पुढे जुलै २००३ मध्ये सॅन अँटोनियोला पंखाच्या कडेच्या पॅनेलवर फोम झाडून पाहिला, तेव्हा सुमारे १६ इंचांचं भगदाड पडलं.

मंडळाने आणखी एक गोष्ट दाखवली. पंखाच्या त्या कार्बन पॅनेलची दोन उड्डाणांमधली तपासणी मुख्यतः डोळ्यांनी पाहून आणि हाताने चाचपून होत असे. आतली झीज त्यात कळत नाही. २७ उड्डाणांतून परतलेलं पॅनेल ‘चांगलं दिसत होतं’ एवढंच खरं होतं.

दुसरी बाजू

इथपर्यंत वाचून ‘मग माणसांसाठी नवंच यान बरं’ असं वाटत असेल, तर थांबा. तेही इतकं सरळ नाही.

बोइंगच्या स्टारलायनरचं उदाहरण घ्या. ५ जून २०२४ ला सुनीता विल्यम्स आणि बुच विल्मोर ज्या कॅप्सूलमधून गेले, ती ‘कॅलिप्सो’ पुन्हा वापरलेली होती. डिसेंबर २०१९ मध्ये ती माणसांविना एकदा उडून आली होती. पण हेलियमची गळती आणि थ्रस्टरचा बिघाड झाला तो तिला जोडलेल्या सर्व्हिस मोड्यूलमध्ये. तो भाग प्रत्येक उड्डाणाला नवाकोरा असतो. शिवाय वातावरणात शिरण्याआधी तो सोडून दिला जातो, त्यामुळे बिघडलेले थ्रस्टर प्रयोगशाळेत उघडून पाहण्याची संधीच मिळत नाही. सप्टेंबरमध्ये रिकामी कॅप्सूल नीट उतरली. जुना भाग घरी आला आणि नव्या भागाची कारणमीमांसा उरलेल्या आकड्यांवरून करावी लागली. परत येणारी वस्तू स्वतःच पुरावा असते, हा पुनर्वापराचा फार मोठा फायदा आहे. खर्च वाचण्याच्या गोष्टीत आपण तो विसरतो.

दुसरं उदाहरण स्पेसएक्सच्या ड्रॅगनचं. मार्च २०१९ मध्ये माणसांविना स्थानकाला जाऊन आलेली कॅप्सूल २० एप्रिलला जमिनीवरच्या इंजिन चाचणीत फुटली. एका झडपेतून द्रवरूप ऑक्सिडायझर नको तिथे झिरपला होता. प्रणालीत दाब भरताच तो प्रचंड वेगाने टायटॅनियमच्या भागावर आपटला आणि पेट घेतला. उपाय काय केला? पुनःपुन्हा उघडझाप होणाऱ्या त्या झडपांच्या जागी एकदाच फुटणाऱ्या चकत्या बसवल्या. गंमत पाहा, यान पुन्हा वापरता यावं म्हणून त्यात एकदाच वापरायचा भाग घालावा लागला. ‘पुनर्वापरयोग्य’ हे अख्ख्या यानाचं विशेषण नसतं, भागागणिक त्याचं उत्तर वेगळं येतं.

आपल्या गगनयानाच्या रॉकेटबाबत तर उत्तर सरळ आहे. पवईच्या एल अँड टीत बूस्टरच्या कवचाचे भाग घडले, विक्रोळीच्या गोदरेजमध्ये विकास इंजिनं घडतात. कल्याणहून सीएसएमटीला जाताना आपण या कारखान्यांच्या परिसरातूनच जातो. हे सगळं एकदा उडून संपणारं आहे. दर वेळी नवं रॉकेट, म्हणजे दर वेळी उत्पादनातल्या चुकीची नवी शक्यता. धोका नाहीसा होत नाही, तो दोन उड्डाणांमधल्या हँगरमधून कारखान्यात सरकतो.

जून २०२५ : वाक्य कसं असावं

आता चांगलं उदाहरण. शुभांशु शुक्ला ॲक्सिऑम-४ मोहिमेवर निघाले, तेव्हा कॅप्सूल नवी होती, पण खालचा फाल्कन-९ बूस्टर आधी एकदा उडालेला होता. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात प्रक्षेपणस्थळावरच्या सात सेकंदांच्या इंजिन चाचणीनंतर द्रव ऑक्सिजनची गळती आढळली. स्पेसएक्सचे बिल गर्स्टनमायर यांनी पत्रकारांना जे सांगितलं त्याचा आशय असा : ही गळती आधीच्या उड्डाणात परतताना दिसली होती, बूस्टर पुन्हा तयार करताना ती आम्हाला पूर्ण दुरुस्त करता आली नाही किंवा सापडलीच नाही. ११ जूनला इस्रोचे अध्यक्ष व्ही. नारायणन यांनी जाहीर केलं की आधी गळती दुरुस्त होईल, पडताळणी चाचणी होईल, मगच उड्डाण.

आपल्याकडे बातमी आली ती ‘पुन्हा विलंब’ म्हणून. मला विचाराल तर त्या आठवड्यातली सर्वांत चांगली बातमी तीच होती. (शिवाय २५ जूनपर्यंतचा सगळा उशीर काही या गळतीमुळे नव्हता. मध्ये अंतराळ स्थानकाच्या रशियन भागातल्या हवागळतीचाही प्रश्न आला. एका परिणामाला एकच कारण चिकटवायची घाई इथेही झाली.)

लक्षात घ्या, फाल्कनच्या ताफ्याने तोवर शेकडो उड्डाणं केली होती. तरीही फक्त एकदाच उडालेल्या या एका बूस्टरमध्ये गळती राहून गेली. ताफ्याची सरासरी तुमच्या हातातल्या नगाबद्दल हमी देत नाही. आणि गर्स्टनमायर यांच्या विधानात जे होतं, तेच जून २०२४ च्या वाक्यात नव्हतं : आधी काय दिसलं, मध्ये काय केलं, काय निसटलं.

‘पण ते निवेदन आहे, पेपर नाही’

हा आक्षेप योग्य आहे. चार परिच्छेदांच्या निवेदनाकडून तपासणीच्या नोंदवहीची अपेक्षा करणं अन्यायाचं होईल. आनंदाच्या दिवशी संस्थेने आनंदाने बोलावं. माझी तक्रार इस्रोपेक्षा आपल्याशीच जास्त आहे. निवेदन उचलून आपण ते ‘सिद्ध झाले’ म्हणून वापरतो, तेव्हा त्याचा दर्जा आपण बदललेला असतो. ती जबाबदारी लिहिणाऱ्याची.

तेव्हा पुढच्या वेळी ‘पुन्हा वापरलं’, ‘पुनःपुन्हा जमलं’ असं काहीही वाचाल, तेव्हा हे चार प्रश्न विचारा :

१. नेमका कोणता भाग पुन्हा वापरला आणि कोणता नवा होता?
२. आधीच्या वेळी त्याने कोणता भार सोसला? पुढे सोसायचा आहे तोच, की वेगळा?
३. मधल्या काळात काय तपासलं, आणि त्या तपासणीला काय दिसूच शकत नव्हतं?
४. चाचणीची व्याप्ती आणि प्रत्यक्षातली परिस्थिती यांत किती पटींचं अंतर आहे? ती ओळ लेखकाने शीर्षकाजवळ ठेवली आहे की तळाला?

हे प्रश्न स्वतःच्या डेटालाही लावा. एकाच इलेक्ट्रोडवर, एकाच सेन्सरवर, एकाच कॅटॅलिस्टवर आपण पाच सायकल घेतो आणि ‘उत्तम पुनर्वापरक्षमता’ लिहून मोकळे होतो. पाच सायकलनंतर त्याचा पृष्ठभाग पाहिला का? की फक्त शेवटचा आकडा पाहिला?

शेवटी, नुसती टीका करून पळायचं नाही, म्हणून ते वाक्य मी लिहिलं असतं तर कसं लिहिलं असतं, ते देते :

‘मार्च २०२४ मध्ये हेलिकॉप्टरमधून सोडून उतरवलेले यान आणि त्यातील प्रणाली जूनमध्ये बदल न करता पुन्हा वापरून यशस्वीपणे उतरवण्यात आल्या. यावरून लँडिंगचा भार एकदा सोसून या प्रणाली कार्यक्षम राहतात असे दिसते. कक्षेतून परततानाची उष्णता सोसल्यानंतर त्या पुन्हा वापरता येतील का, हे तपासणे बाकी आहे.’

वाक्य लांबलं आणि टाळ्या थोड्या कमी पडतील. पण त्यातलं तिसरं वाक्य पाहिलंत? तुमच्यापैकी कुणाला थीसिसचा विषय हवा असेल, तर तो तिथेच आहे.